पीरभाईंचं गाव

मेल्यावर आपल्याला शेजार कुणाचा मिळावा, हे जिवंतपणीच ठरवून ठेवणारी माणसं फार थोडी. खुलताबादेत मात्र अशा माणसांचं अख्खं गाव वसलं आहे. दौलताबादच्या किल्ल्यामागचा घाट चढून गेलं की लागणाऱ्या पठारावर सातशे वर्षांपूर्वी एका सूफी पंथाने आपली पहिली माणसं पुरली. मग त्यांच्या पायाशी जागा मागत बाकीचे येत राहिले. त्यांत कवी होते, काझी होते, सुलतान होते, हबशी वजीर होता, गादी गेलेला राजा होता आणि त्याची गादी घेणारा बादशहाही होता. बांधवांनी बांधवांसाठी राखलेली एवढी मोठी आणि एवढी जुनी दफनभूमी महाराष्ट्रात दुसरी मला माहीत नाही. तरीही खुलताबादचं नाव निघालं की बोलणं एकाच कबरीवर येऊन थांबतं. त्या कबरीच्या आसपास कोण निजले आहेत आणि त्यांची घरं कुणी, कशी बांधली, हे सांगण्यासाठी हा लेख.

आम्हा बुलढाणेकरांना दर्गा म्हटलं की आधी सैलानी आठवतो. पिंपळगाव सराईजवळच्या सैलानी बाबांच्या यात्रेत नारळांची होळी पेटते आणि पिंपळगाव राजा, खामगाव, मलकापूरपासून माणसं तिकडे लोटतात. त्यांत कोण कोणत्या धर्माचं, हे विचारायची कुणाला गरज वाटत नाही. खुलताबाद आम्हाला त्या मानाने लांब. पिंपळगाव राजा घाटाखाली. तिथून निघायचं तर घाटावर चढून चिखली, देऊळगाव राजा, जालना करत वऱ्हाड सोडून मराठवाड्यात उतरावं लागतं. पण या गावाची एक खूण आमच्या उशाशीच आहे. मलकापूरपलीकडे तापीकाठी बुऱ्हाणपूर आहे. कपडा घ्यायला, लग्नाला, दवाखान्याला आमच्याकडची माणसं तिथे जातात. ते शहर ज्या बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावाने वसलं, ते निजले आहेत खुलताबादेत. आणि तापीच्या पलीकडच्या काठावरचं जैनाबाद ज्यांच्या नावाचं, ते जैनुद्दीन शिराझी त्यांच्यासमोरच. खानदेशाच्या फारुकी सुलतानांनी आपल्या पीरांची नावं नदीच्या दोन काठांवर अशी कोरून ठेवली.

या बंधुसंघाचं नाव चिश्ती सिलसिला. त्याची रीत समजून घेतल्याशिवाय या दफनभूमीची मांडणी समजत नाही. पीराच्या हातात हात देऊन शिष्य बैअत घेतो, म्हणजे शब्द देतो. योग्यता पटली की पीर त्याला खिरका देतो. खिरका म्हणजे अंगावरचा झगा, बहुतेकदा वापरलेला, ठिगळांचा. गुरूपासून मागे पैगंबरांपर्यंत पोहोचणारी नावांची साखळी असते, तिला शजरा म्हणतात. शिष्याचं नाव तिच्या टोकाला जोडलं जातं. एकाच पीराचे शिष्य ते पीरभाई. वारकऱ्यांमध्ये गुरुबंधू जसे, तसेच हे. पीरभाईंच्या नात्यात जात, प्रांत, पेशा हे सगळं मागे पडतं, निदान पडावं अशी अपेक्षा असते. सरकारी नोकरी शक्यतो धरू नये, सुलतानाच्या दारी जाऊ नये, आलेलं अन्न त्याच दिवशी वाटून टाकावं, कव्वाली ऐकावी, असे या पंथाचे दंडक. आणि मरण आलं की पीराजवळ, निदान पीरभाईंजवळ माती मिळावी, ही इच्छा.

दख्खनेत हे लोक आले ते दिल्लीहून. निजामुद्दीन औलियांचे शिष्य मुंतजबुद्दीन, ज्यांना लोक जर जरी जर बक्ष म्हणतात, ते आधी आले आणि १३०९ मध्ये इथेच वारले. सगळ्यांत मोठा उरूस आजही त्यांचाच भरतो. त्यांच्यामागून त्यांचे भाऊ बुऱ्हाणुद्दीन आले. त्याच सुमारास, १३२७ मध्ये, मुहम्मद तुघलकाने दौलताबादेला राजधानी हलवली आणि दिल्लीतले उलेमा, कवी, कारकून, सूफी असं अर्धं शहर या डोंगरांत येऊन पडलं. शाळेच्या पुस्तकात हा प्रसंग राजाच्या लहरीपणाची गोष्ट म्हणून येतो. खुलताबादेत तो वेगळा दिसतो. राजधानी काही वर्षांत गेली, पण माणसं राहिली आणि मेली, आणि त्यांच्या कबरींनी हे पठार भरत गेलं. लोकपरंपरा सांगते की मुंतजबुद्दीनांबरोबर सातशे आणि बुऱ्हाणुद्दीनांबरोबर सातशे औलिया आले, म्हणून इथे चौदाशे वली निजले आहेत. आकडा श्रद्धेचा आहे. पण गावाच्या भिंतीबाहेर शेताच्या बांधांवर, वडाखाली, टेकाडावर नजर जाईल तिथे जोती आणि घुमट्या दिसतात, तेव्हा तो आकडा कुठून आला हे कळतं.

बुऱ्हाणुद्दीन १३३७ मध्ये वारले. त्यांच्याभोवती काय माणसं होती पाहा. रुकनुद्दीन, हम्मादुद्दीन आणि मजदुद्दीन हे तीन काशानी भाऊ. तिघांनीही पीराच्या बैठकीत बसून त्यांचं बोलणं टिपून ठेवलं आणि फारसीत ग्रंथ केले. त्याआधी दिल्लीत अमीर हसन सिज्झी या कवीने निजामुद्दीन औलियांची संभाषणं वर्षानुवर्षं लिहून 'फवाइद-उल-फुआद' सिद्ध केला होता. गुरूचं रोजचं बोलणं जसंच्या तसं नोंदवण्याची ही चाल त्याच्यापासून रुजली. महानुभावांचं 'लीळाचरित्र' म्हाइंभटांनी त्याआधी काही दशकंच गोदाकाठी जुळवलं होतं. दोन पंथ, दोन भाषा, आणि पद्धत तीच: ज्यांनी ऐकलं त्यांना विचारा, आठवेल तसं नव्हे तर ऐकलं तसं लिहा. एकमेकांना ते ओळखत होते असं मी म्हणत नाही. पण एकाच प्रदेशात, एकाच शतकाच्या अंतरात शिष्यांना ही निकड वाटली, हे मला फार मोलाचं वाटतं. अमीर हसनही तुघलकाबरोबर दौलताबादेला आला आणि इथेच मेला. त्याच्या कबरीवर ठेवलेली साखर मुलांना चाटवली की बुद्धी तल्लख होते, असा समज आहे. परीक्षेच्या दिवसांत तिथे पोरं घेऊन जाणारे आईबाप आजही असतात. फारसी गझलेच्या एका मोठ्या कवीचं स्मरण गाव या मार्गाने करतं, आणि त्यात वावगं काही नाही.

बुऱ्हाणुद्दीनांच्या दर्ग्याची एक कथा इथे प्रत्येक मुजावर सांगतो. दर्गा बांधून झाला, पण शिष्यांकडे देखभालीला पैसा नाही, पोटालाही नाही. त्यांनी पीराला साकडं घातलं. तेव्हा कबरीजवळच्या फरसबंदीतून रात्री चांदीची झाडं उगवू लागली. सकाळी ती तोडायची, विकायची, त्यावर दर्गा चालवायचा. पुढे दर्ग्याला जहागीर मिळाली आणि झाडं उगवायची थांबली. फरशीवर चांदीचे बारीक कोंब तेवढे राहिले. चमत्कार बाजूला ठेवला तरी कथेत हिशेब पक्का आहे. ज्या पंथाने सुलतानाच्या दारी जायचं नाही असं ठरवलं होतं, त्याच्या थडग्याला सुलतानाचं उत्पन्न लागलं, आणि ते लागल्या दिवशी दैवी मदत थांबली. शिष्यांनी ही गोष्ट पिढ्यान् पिढ्या तशीच जपली, लपवली नाही. पुढे फारुकी, निजामशाही, मोगल, आसफजाही या साऱ्यांनी इथल्या दर्ग्यांना गावं लावून दिली. कार्ल अर्न्स्ट या अभ्यासकाने १९९२ च्या आपल्या 'इटर्नल गार्डन' या पुस्तकात दर्ग्यांकडचे असे जुने कागद तपासून हा सगळा प्रवास मांडला आहे.

जैनुद्दीन शिराझींची गोष्ट याहून वेगळी आहे. शिराजहून आलेला हा विद्वान, दौलताबादचा काझी; आधी सूफींच्या गाण्याबजावण्याचा विरोधक, मग त्यांच्यातलाच एक. बुऱ्हाणुद्दीनांचा वारसा त्यांच्याकडे आला. साखळीतला बाविसावा दुवा म्हणून लोक त्यांना बाईस ख्वाजा म्हणतात. १३६९ मध्ये ते वारले, आणि त्यांनी मागे वारस नेमला नाही. साखळी त्यांच्यापाशी संपली. गुरूकडून गुरूकडे येत गेलेला, पैगंबरांचा म्हणून पूजला जाणारा झगा त्यांच्या दर्ग्यातच राहिला आणि वर्षातून एकदा, ईद-ए-मिलादला, दर्शनासाठी उघडतात. वारस नसल्यामुळे पीराची कबर हीच गादी झाली. त्यापुढे ज्याला या सिलसिल्यात यायचं होतं, त्याला जिवंत हात मिळणार नव्हता. त्याने कबरीच्या पायाशी येऊन पडायचं. मोठमोठ्यांनी इथे मातीसाठी एवढी धडपड का केली, याचं एक कारण मला इथे दिसतं.

आता बांधकामाकडे वळतो, कारण या जागेवर माझा जीव जडला तो त्यामुळे.

साधी कबर म्हणजे उत्तर-दक्षिण ओटा. डोकं उत्तरेला, तोंड पश्चिमेकडे वळवलेलं, कारण आपल्याकडून मक्का पश्चिमेला. ओट्यावर काय कोरलं आहे ते पाहायला शिका. वर मधोमध लांबट उंचवटा असेल, लेखणी ठेवायच्या कलमदानासारखा, तर कबर पुरुषाची. वरचा पृष्ठभाग पाटीसारखा सपाट असेल, ती तख्ती, म्हणजे कबर बाईची. नाव नाही, तारीख नाही, तरी एवढं कळतं. खुलताबादच्या बहुतेक कबरींवर एक अक्षर नाही. हा गरिबीचा परिणाम आहेच, पण पंथाची शिकवणही आहे. ज्याने आयुष्यभर स्वतःचं नाव पुसायचा अभ्यास केला, त्याच्या डोक्याशी नावाचा दगड कशाला? गलेफ चढतो, फुलं पडतात, ऊद जळतो. नाव मुजावराच्या तोंडी असतं.

मोठ्या मकबऱ्यांमध्ये पाहावा तो मलिक अंबरचा. हा गावाच्या वायव्येला, गर्दीपासून दूर आहे. हबशी गुलाम म्हणून बाजारांतून विकला गेलेला मुलगा निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. खडकी त्याने वसवली, तिला नहरीचं पाणी दिलं, जमीनधाऱ्याची नवी घडी घातली आणि जहांगीरच्या फौजा आयुष्यभर थोपवल्या. मकबरा त्याने हयातीतच बांधून घेतला आणि १६२६ मध्ये वारल्यावर त्याला तिथे आणलं. शेजारी बेगमेचा, बीबी करीमाचा, लहान मकबरा. उंच जोतं, त्यावर चौरस इमारत, वर एकच घुमट. दर्शनी भिंतींवर कमानीदार कोनाड्यांच्या ओळी, मध्ये दगडी जाळ्या. बाहेरून पाहताना ती फार मोठी वाटत नाही. आत पाऊल टाकलं की डोळे सरावायला वेळ लागतो आणि मग वरचा घुमट हळूहळू दिसू लागतो.

हे उभं कसं राहिलं? दख्खनचा काळा पाषाण कठीण. राजस्थानच्या वालुकाश्मावर किंवा संगमरवरावर जशी नाजूक नक्षी उठते, तशी याच्यावर उठत नाही. टाकी सटकते, कपची उडते. म्हणून इथल्या पाथरवटाने नक्षीचा सोस कमी केला आणि जोर दिला मापावर आणि सांध्यांवर. चिऱ्याच्या कडा घासून सरळ करायच्या, पोटाचा भाग टाकीच्या टिपक्यांनी खडबडीत ठेवायचा, की त्यावर ऊन पडलं की दगड जिवंत दिसतो. जी नाजूक कामं करायची ती चुन्यात. कमानीच्या खांद्यावरची कमळं, कोनाड्यांच्या चौकटी, घुमटाच्या बुडाची पाकळ्यांची रांग ही दख्खनेत बहुतेक गचकाम असते, दगडाचं काम नव्हे. लांबून फरक कळत नाही; हात लावला की दगड गार लागतो आणि चुना कोमट.

आणि चुना तर इथे खडकात नाहीच. बेसाल्टाच्या मुलखात चुनखडीचे डोंगर नसतात. काळ्या मातीत आणि नदीनाल्यांच्या काठांना चुनखडीचे पांढरे खडे सापडतात, ते वेचून आणायचे, भट्टीत भाजायचे, पाण्यात विरवायचे, मुरत ठेवायचे. मग घाणी. जमिनीत दगडी गोल चर, त्यात उभं दगडी चाक, चाकाला आडवा दांडा, दांड्याला बैल. चुना, वाळू आणि विटांची सुरखी त्यात पडते आणि बैल फिरत राहतो. वरून गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, हिरड्याचा काढा. काही ठिकाणी उडदाचं पीठ, तागाचे तुकडे. गुळाने चुना हळू धरतो आणि एकजीव होतो, बेलाने पाणी लागत नाही, तागाने भेग पडत नाही. गवंडी तो बोटांत घेऊन पाहतो. लोण्यासारखा ओघळला नाही आणि रेतीसारखा तुटला नाही, की चुना तयार. असा चुना पुढची कित्येक वर्षं हवेतला वायू शोषत पुन्हा दगड होत जातो. सिमेंट एका महिन्यात घट्ट होतं आणि मग फक्त म्हातारं होतं. चुना त्याच्या उलट.

खरं कसब कोपऱ्यांत आहे. खोली चौरस आणि वरचा घुमट गोल. चौरसावर गोल बसत नाही. चारही कोपरे उघडे पडतात. म्हणून प्रत्येक कोपऱ्यात तिरपी कमान टाकायची. चौरसाचा अष्टकोन झाला. अष्टकोनाचे कोपरे पुन्हा लहान कमानींनी मोडायचे, सोळा बाजू झाल्या. त्यावर कड्याकड्याने विटा चढवत गोल मिटवायचा. वरचा भार सरळ खाली न येता या कमानींतून जाड भिंतींत वाटला जातो. कागदावर हे आराखड्यासारखं दिसतं. पण बांधणाऱ्याने ते दोरीवर, खुंटीवर आणि ओळंब्यावर केलं, आणि चारशे वर्षांनी कोपरे अजून सुटलेले नाहीत. मकबऱ्यात गेलात की कबरीला सलाम करून झाल्यावर मान वर करा आणि एकच कोपरा नीट पाहा. वेळ द्या. घुमट कुठे सुरू होतो हे बोटाने दाखवता येत नाही, हीच त्या गवंड्याची सही.

त्याचं नाव कुठे नाही, ही माझी खंत आहे. बीबी का मकबऱ्याच्या दारावर अताउल्ला आणि हंसपत राय ही दोन नावं कोरलेली आहेत. एक वास्तुकार, एक अभियंता, एक मुसलमान, एक हिंदू. तेवढं भाग्य खुलताबादच्या एकाही पाथरवटाला लाभलं नाही.

इथे आमच्या जिल्ह्याचा विषय निघतोच. मलिक अंबर गेला आणि तीन वर्षांत निजामशाहीने आपल्या पायावर कुऱ्हाड मारून घेतली. २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादच्या किल्ल्यावर, भर दरबारात, सिंदखेडचे लखुजीराव जाधव, त्यांचे पुत्र अचलोजी आणि रघोजी आणि नातू यशवंतराव यांची हत्या झाली. जिजाऊंचं माहेर एका दिवसात उघडं पडलं. तीन पिढ्यांच्या या चार माणसांची समाधी सिंदखेड राजाला आहे. काळ्या दगडाची, चौरस, कमानींची, आवाक्याने प्रचंड. आत शिवलिंग, बाहेर दख्खनी कमान. मलिक अंबरचा मकबरा आणि लखुजीरावांची समाधी एकाच पिढीच्या अंतराने उभ्या राहिल्या. भातवडीच्या लढाईत, १६२४ मध्ये, हे दोघे एकमेकांविरुद्ध होते. पण दोघांच्या अंतिम घरांना आकार देणारी कारागिरी एकाच शाळेतली आहे. पाथरवटाला कमान कुणाच्या डोक्यावर येणार हे माहीत असे; कमान मात्र तो तशीच घाली. जून २०२४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाला लखुजीरावांच्या समाधीच्या जतनाचं काम करताना जमिनीखाली आधी एका मंदिराचा पाया आणि मग शेषशायी विष्णूची मूर्ती सापडली. सुमारे पावणेदोन मीटर लांब, मऊ क्लोराइट शिस्टमध्ये कोरलेली, समुद्रमंथनासकट. त्या बातमीने जिल्हाभर आनंद झाला होता आणि तो योग्यच होता. माझं म्हणणं एवढंच की ज्या दगडी समाधीमुळे ती सापडली, तिच्याकडेही तेवढ्याच डोळ्यांनी पाहावं.

खुलताबादेतल्या बड्या शेजाऱ्यांबद्दल आता. आसफजाह पहिला, हैदराबादच्या निजाम घराण्याचा मूळपुरुष, १७४८ मध्ये बुऱ्हाणपुरात वारला आणि त्याला आणलं बुऱ्हाणुद्दीनांच्या दर्ग्यात. त्याचा मुलगा नासिरजंग १७५० मध्ये दूर दक्षिणेत जिंजीजवळ मारला गेला. त्यालाही तिथून इथे. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा आग्र्याजवळच्या लढाईत पडला, तोही इथे जैनुद्दीनांच्या आवारात. प्रेतं शेकडो कोस वाहून आणली जात होती, ती या मातीसाठी.

आणि औरंगजेब. ३ मार्च १७०७ रोजी तो अहमदनगरजवळच्या छावणीत मेला. छत्रपती संभाजी महाराजांना हाल हाल करून मारणारा, पंचवीस वर्षं हा मुलूख जाळूनही जिंकू न शकलेला हा बादशहा मराठी मनाला कधी प्रिय वाटेल असं नाही, आणि वाटावा असा माझा आग्रहही नाही. पण त्याने जागा मागितली ती जैनुद्दीनांच्या पायाशी, आणि तीही उघड्यावर, छप्पर नको म्हणून. त्याच्या नावे असलेल्या मृत्युपत्रात टोप्या शिवून मिळालेल्या पैशांतून कफन करावं आणि कुराणाच्या प्रती लिहून मिळालेले ३०५ रुपये फकिरांना वाटावेत असं आहे. त्याच्या बेगमेच्या, दिलरस बानूच्या मकबऱ्यावर, म्हणजे बीबी का मकबऱ्यावर, ६,६८,२०३ रुपये खर्च झाल्याची नोंद आहे. आज त्याच्या कबरीभोवती दिसणारी संगमरवरी जाळी विसाव्या शतकातली; लॉर्ड कर्झनने ती साधी कबर पाहिल्यावर निजामाने ती बसवून घेतली. मूळ कबर म्हणजे माती आणि तिच्यात उगवलेला सब्जा.

मार्च २०२५ मध्ये या कबरीवरून राज्य तापलं. नागपुरात दंगल झाली, खुलताबादेत पोलीस बसले. त्या दिवसांत टीव्हीवर, मोबाइलवर, पारावर या गावाविषयी जेवढं बोललं गेलं तेवढं गेल्या शंभर वर्षांत बोललं गेलं नसेल. त्यात बुऱ्हाणुद्दीनांचं नाव माझ्या कानावर आलं नाही. अमीर हसनचं नाही, मलिक अंबरचंही नाही. एखाद्या जागेचा इतिहास तिथल्या उशिरा आलेल्या आणि सर्वांत कमी आवडत्या पाहुण्यावरून ठरवायचा का? तो येण्याआधी जवळजवळ चारशे वर्षं हे गाव वसलेलं होतं. तो तिथे मालक म्हणून नाही, रांगेत उभा राहून जागा मागणारा म्हणून आहे.

त्याच्याहून मला हलवून जाते ती आणखी एक कबर. गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहा अबुल हसन, ज्याला तानाशाह म्हणतात. तरुणपणी तो हैदराबादेत शाह राजू नावाच्या सूफीच्या मठात वाढला. तिथून ओढून त्याला आधी बोहल्यावर आणि मग तख्तावर बसवलं. १६८७ मध्ये औरंगजेबाने गोवळकोंडा घेतला आणि त्याला दौलताबादच्या किल्ल्यात, चिनी महालात कोंडलं. तिथे तो बारा-तेरा वर्षं कैदेत राहून मेला. त्याला पुरलं खुलताबादेत, राजू कत्तालांच्या दर्ग्याजवळ. राजू कत्ताल म्हणजे गुलबर्ग्याच्या बंदे नवाज गेसूदराजांचे वडील, १३३० च्या सुमारास इथे वारलेले. आणि तानाशाहचा गुरू शाह राजू त्याच घराण्यातला. राज्य गेलं, शहर गेलं, घराणं संपलं. पण तरुणपणी ज्या मठात तो भाकरी खात होता, त्या मठाच्या मूळपुरुषाजवळ त्याला माती मिळाली. ज्याने त्याला कैद केलं, त्याला त्याच गावात, थोड्या अंतरावर जागा मिळाली ती त्यानंतर काही वर्षांनी. बंधुसंघाने दोघांनाही नाही म्हटलं नाही.

या सगळ्याची देखभाल आज तुकड्यातुकड्यांनी चालते. काही वास्तू पुरातत्त्व खात्याकडे, काही दर्गा समित्यांकडे, आणि बाकी असंख्य कबरी कुणाकडेच नाहीत. मला इथे तीन गोष्टी व्हायला हव्या आहेत आणि त्यांतली एकही अशक्य नाही. प्रत्येक कबरीची, ओट्याची, घुमटीची जागेवर जाऊन नोंद. नाव माहीत असो वा नसो, तख्ती की कलमदान एवढं तरी लिहा. दुसरं, जुन्या चुन्यावर सिमेंट थापणं आणि ऑइल पेंट फासणं ताबडतोब थांबवा. सिमेंट पाणी आत कोंडतं, दगडामागचा चुना भुसभुशीत होतो आणि चारशे वर्षं टिकलेली कमान दहा पावसाळ्यांत फुगते. तिसरं, घाणी फिरवता येणाऱ्या गवंड्यांना काम द्या. ही कला अजून मेलेली नाही. किल्ल्यांच्या डागडुजीत चुना मळला जातो. ज्या हातांना तो मळता येतो, ते रोजंदारीवर सिमेंटच्या गिलाव्याला जुंपले तर पुढच्या पिढीत विचारायलाही कुणी उरणार नाही.

जाणाऱ्यांनी एवढं करावं. सकाळी लवकर आधी मलिक अंबरचा मकबरा गाठावा, कारण उन्हाची तिरीप जाळीतून आत येते ती तेव्हाच. मग गावात येऊन बुऱ्हाणुद्दीनांचा दर्गा, समोर जैनुद्दीनांचा. मग अमीर हसन, राजू कत्ताल आणि तानाशाह. वेळ उरला तर बनी बेगमेची बाग, तिथल्या बंगाली घाटाच्या वाकड्या छपरांसाठी. गावातच भद्रा मारुती आहे, निजलेला. शनिवारी पायी येणारे भक्त पहाटेपासून त्याच रस्त्याने जातात. दर्ग्यात शिरताना डोक्यावर रुमाल घ्यावा, पायताण बाहेर काढावं, मुजावराशी दोन शब्द बोलावेत. ते मोकळेपणाने सांगतात. वेरूळ तिथून पाचेक किलोमीटर, घाट उतरला की आलंच.